‘याकुझा’ मालिकेत प्रवेश कोठून करावा : माझा अनुभव

‘याकुझा’ म्हणजे जपानमधील संघटित गुन्हेगारी टोळ्या. त्यांच्यावरील ‘याकुझा’ याच नावाच्या जपानी गेम-मालिकेत नव्याने शिरू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती ऑनलाइन दुकानाच्या यादीतच. सेगा कंपनीने पहिला भाग डिसेंबर २००५ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ साठी काढला. पुढे क्रमांकाने भाग येत गेले, २०१५ साली ‘याकुझा ०’ या नावाने त्या सर्वांच्या आधीची कथा आली, पहिले दोन भाग ‘किवामी’ हे बिरुद लावून नव्याने घडवले गेले, आणि २०२२ साली मालिकेचे इंग्रजी नावच बदलून ‘लाइक अ ड्रॅगन’ झाले. परिणामी एकाच कथेचे भाग यादीत दोन नावांखाली विखुरलेले दिसतात, आणि त्यांतील पहिला कोणता हे केवळ वाचून ठरवता येत नाही.

मी फोंड्यात राहतो. नोकरीचे काम आटोपल्यावर रात्रीचा जो वेळ हाती उरतो त्यात मी या मालिकेची मुख्य कथा शून्य क्रमांकापासून २०२४ च्या ‘इन्फिनिट वेल्थ’पर्यंत क्रमाने पूर्ण केली. माझा भाचा महाविद्यालयात गेल्यापासून ‘मामा, मी कुठून सुरू करू?’ असे विचारत आहे. त्याला तोंडी दिलेले उत्तर नेहमीच अपुरे वाटले, म्हणून माझा मार्ग येथे सविस्तर मांडत आहे. मालिकेत रक्तपात आहे आणि रात्रीच्या वस्तीतले प्रौढ व्यवहारही आहेत, त्यामुळे शाळकरी मुलांना ती देऊ नये, हे आधीच सांगतो.

सुरुवातीला माझ्यासमोर तीन दारे होती. पहिले ‘किवामी’, म्हणजे २००५ च्या मूळ कथेचा २०१६ चा नवा अवतार. दुसरे ‘याकुझा ०’, ज्याची कथा डिसेंबर १९८८ मध्ये घडते. तिसरे २०२० चा सातवा भाग, जिथे नायकही नवा आहे आणि लढाईची पद्धतही. कोणत्या दाराने गेल्यावर कोणती गोष्ट कायमची हातून निसटते, या एकाच कसोटीवर मी तिन्ही दारे तपासली.

‘किवामी’ची कथा १९९५ साली सुरू होते. तोजो कुळ या याकुझा टोळीतील काझुमा किर्यू हा तरुण आपल्या मानलेल्या भावाला, आकिरा निशिकियामाला, वाचवण्यासाठी दोजिमा घराण्याच्या प्रमुखाच्या खुनाचा आळ स्वतःवर घेतो आणि दहा वर्षांनी तुरुंगातून सुटतो. तोवर कुळाच्या तिजोरीतून १,००० कोटी येन नाहीसे झालेले असतात आणि निशिकियामा ओळखू येणार नाही इतका बदललेला असतो. आता, ज्याने या दोघांची मैत्री पाहिलेलीच नाही, त्याला हा बदल ऐकीव बातमीसारखा वाटतो. नव्या अवतारात निशिकियामाच्या अधोगतीचे काही प्रसंग मुद्दाम जोडले आहेत, तरीही ते पुरेसे ठरत नाहीत. त्या मैत्रीला लागणारा अवकाश ‘याकुझा ०’ देतो. तेथे किर्यू वीस वर्षांचा आहे, निशिकियामा त्याच्या सोबतीला आहे, आणि दोघांनाही पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नाही. म्हणून मी शून्याचे दार निवडले.

उलट बाजूचा एक आक्षेप मी गांभीर्याने विचारात घेतला होता. ‘याकुझा ०’ पाच क्रमांकित भागांनंतर तयार झाला, त्यामुळे त्यातील कित्येक जागा जुन्या खेळाडूंसाठी पेरलेल्या आहेत आणि नवख्याला त्या कळणार नाहीत, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. जुन्या खेळाडूला ज्या ठिकाणी ओळखीचा आनंद मिळतो, त्या ठिकाणी मला फक्त एक पात्र भेटत होते, आणि तेच पात्र पुढच्या भागात आले की ओळखीचा आनंद मलाही मिळत होता. फक्त त्याची दिशा उलटी होती.

खेळ सुरू करण्यापूर्वीची तयारी मी नीट केली, आणि तिचा पुढे फार उपयोग झाला. ‘याकुझा ०’ च्या मूळ आवृत्तीत आवाज केवळ जपानी आहेत आणि खाली इंग्रजी सबटायटल येतात. लढाई हातघाईची असल्यामुळे कीबोर्डपेक्षा साधा कंट्रोलर बरा. संगणक फार ताकदवान लागत नाही. जपानी नावे मात्र आपल्या कानांना सवयीची नाहीत, म्हणून मी एका वहीत ती देवनागरीत लिहून ठेवली : वर तोजो कुळ, त्याखाली दोजिमा, काझामा, शिमानो ही घराणी, प्रत्येक घराण्याचा प्रमुख कोण, कोणी कोणाला भाऊ मानले आहे आणि कोणाचे कोणाशी वैर आहे. या वहीमुळे पहिल्या काही प्रकरणांतील लांबलचक बैठका मला सुसह्यच झाल्या असे नव्हे, त्या आवडू लागल्या. दोजिमा घराण्याचे कुझे, आवानो आणि शिबुसावा हे तीन सरदार एकाच पदासाठी झुंजत असतात, आणि त्यांतील प्रत्येकाची नीती वेगळी आहे हे नावे पक्की झाल्यावरच उमगते.

आणखी एक गोष्ट गोव्यातल्या खेळाडूने ध्यानात ठेवावी. ‘याकुझा ०’ मध्ये खेळ हवा तेव्हा सेव्ह करता येत नाही, त्यासाठी रस्त्यावरच्या टेलिफोन बूथपर्यंत चालत जावे लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मी संगणकाला यूपीएस जोडून घेतला आणि मोठ्या लढाईची चिन्हे दिसली की आधी बूथ गाठण्याची सवय लावून घेतली. पुढे ‘किवामी २’ मध्ये आणि सहाव्या भागापासून खेळ मेन्यूतूनच सेव्ह करता येतो, मधल्या भागांत मात्र ही काळजी घ्यावीच लागते.

‘याकुझा ०’ ची कथा एका रिकाम्या भूखंडाभोवती फिरते. तोक्योतील काबुकिचो या खऱ्या वस्तीवरून रचलेल्या कामुरोचो या काल्पनिक वस्तीत, इमारतींच्या मागे अडकलेला तो चिमुकला तुकडा आहे. जपानमध्ये तेव्हा जमिनीच्या किमती वेड्यासारख्या चढत होत्या, आणि ज्याच्या हाती हा तुकडा येईल त्याच्या हाती साऱ्या वस्तीचा पुनर्विकास जाणार होता. जमिनीचा मूळ मालक कोण, कागद कोणाच्या नावावर, दलाल कोणाचा माणूस, या प्रश्नांवर माणसे मरतात. ज्या प्रदेशात एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावरील नावांवरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणे बंद असते आणि भू-रूपांतराच्या विरोधात गावेच्या गावे ग्रामसभेला लोटतात, तेथील वाचकाला हा संघर्ष समजावून सांगावा लागत नाही. मला तरी त्यासाठी जपानचा इतिहास उघडावा लागला नाही. त्या काळच्या पैशाची नशा खेळाच्या नियमांतही उतरली आहे : गुंडाला ठोसा मारला की नोटा उधळतात, आणि नवे डावपेच शिकायचे तर त्याच नोटा मोजाव्या लागतात.

कथा दोन नायकांत वाटलेली आहे. दोन प्रकरणे किर्यूची, मग दोन ओसाकातील गोरो माजिमाची, अशी आलटूनपालटून सतरा प्रकरणे होतात. माजिमाचा प्रवेश तिसऱ्या प्रकरणात आहे, आणि तेथे पोहोचेपर्यंत कोणीही मत बनवू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिली दोन प्रकरणे संथ आहेत हे खरे. पण एका डोळ्यावर पट्टी बांधलेला तो कॅबरेचा व्यवस्थापक, सक्तीने बांधून ठेवलेला असतानाही इतक्या डौलात प्रेक्षकांसमोर येतो की त्यानंतर खेळ सोडणे मला तरी शक्य झाले नाही.

या मालिकेतील भावना उघड्या आहेत. माणसे रडतात, शपथा घेतात, सदरे फेकून पाठीवरचे गोंदण दाखवत समोरासमोर उभी ठाकतात आणि लढण्यापूर्वी दीर्घ संवाद बोलतात. वास्तववादी कथनाची सवय असलेल्या अनेकांना हे भडक वाटते. आमच्याकडे जत्रेला देवळासमोरच्या मंडपात उत्तररात्रीपर्यंत मराठी नाटक चालते, आणि तेथे स्वगत लांबले म्हणून कोणी उठून जात नाही. तीच बैठक येथे कामी येते. अतिशयोक्तीच्या आत पात्राचे खरे दुःख असते, आणि ते पाहायला धीर लागतो.

मुख्य कथेबरोबर १०० छोट्या उपकथा आहेत. त्या सगळ्या संपवण्याच्या मागे मी लागलो नाही. रस्त्यात भेटेल ती ऐकायची, आणि मुख्य कथा ऐन भरात असताना दुसरीकडे वळायचे नाही, असा नियम मी ठेवला. किर्यूचा मालमत्तेचा व्यवसाय पैशासाठी उपयोगी आहे, माजिमाचा कॅबरे क्लब मात्र स्वतंत्रपणे रंगतो आणि तो वगळू नये. माजाँग हा सोंगट्यांचा खेळ मी सोडून दिला.

‘०’ संपल्यावर विश्रांती न घेता लगेच ‘किवामी’ खेळावा. दोन्हींत कामुरोचोचे रस्ते तेच आहेत, पण मध्ये सतरा वर्षे गेलेली आहेत. ज्या ठिकाणी रिकामा भूखंड होता तेथे आता काय उभे आहे, हे चालत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मूळ कथा २००५ ची असल्याने ‘किवामी’ लहान आहे आणि रचनेने थोडा ओबडधोबडही आहे, पण निशिकियामासमोर उभे राहताना माझ्या मनात जे दाटून आले ते केवळ ‘०’ आधी खेळल्यामुळे. ‘किवामी २’ मध्ये माजिमाची एक छोटी स्वतंत्र कथा जोडली आहे. तीही ‘०’ शिवाय पोकळ वाटेल.

तिसऱ्या भागाविषयी मला अधिक लिहावेसे वाटते, कारण पुष्कळ जण येथेच मालिका सोडतात. ‘किवामी २’ च्या चकचकीत चित्रांनंतर २००९ च्या या खेळाची नवी सजावट केलेली आवृत्तीदेखील जुनाट भासते, आणि शत्रू सतत हात आडवे धरून वार अडवत राहतात. मी काठिण्यपातळी खाली आणली आणि लढायांतून लवकर बाहेर पडलो, कारण मला कथेत राहायचे होते. किर्यू आता ओकिनावात, समुद्राकाठी एक अनाथाश्रम चालवतो. पहिले कित्येक तास मुलांची भांडणे सोडवण्यात, हरवलेले पैसे शोधण्यात, कोणाची तरी समजूत घालण्यात जातात. मग कळते की आश्रमाची जमीन रिसॉर्ट आणि लष्करी तळ यांच्या योजनेत अडकली आहे. किनारा कोणाचा, त्याच्यावर राहणाऱ्यांचा की दूरच्या राजधानीत नकाशा आखणाऱ्यांचा, हा प्रश्न तेथे मुलांच्या दप्तरांसह उभा राहतो. आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने हा भाग संथ आहे म्हणून टाकू नये. माझ्या दृष्टीने किर्यू हा माणूस याच भागात पूर्ण होतो.

चौथ्या भागात चार नायक आहेत आणि त्यांतील सावकार आकियामा मनात घर करतो. पाचवा भाग पाच शहरांत पसरलेला आहे आणि सर्वांत लांब वाटतो, म्हणून त्याच्यापूर्वी मोठी सुटी घ्यावी. मी घेतली होती. सहावा भाग हिरोशिमा प्रांतातील ओनोमिची या बंदरात जातो आणि तोवर किर्यू अठ्ठेचाळीस वर्षांचा झालेला असतो. क्रमांकित भागांतील काळ बहुधा प्रत्यक्ष प्रकाशनाच्या काळाबरोबर चालतो, त्यामुळे वस्तीतली दुकाने, फोन, माणसांचे चेहरे सारे वयाने वाढत जाते. क्रम पाळून खेळण्याचे हे सर्वांत मोठे फळ आहे.

आता तिसऱ्या दाराविषयी. माझ्या वहिनींना हातघाईच्या लढाया जमत नाहीत. त्यांनी मला सरळ सांगितले, ‘भावजी, ते बटणं दाबणं मला नको, गोष्ट तेवढी हवी.’ त्यांना मी सातवा भाग दिला. त्यात इचिबान कासुगा हा नवा नायक योकोहामात अगदी तळापासून सुरुवात करतो आणि लढाई पाळीपाळीने होते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. इंग्रजी आवाजांचीही सोय आहे. कथा स्वतःच्या पायांवर उभी आहे आणि जुनी पात्रे येतात ती थोडक्यात. वहिनींनी तो भाग मनापासून खेळला आणि नंतर स्वतःहून ‘०’ मागून घेतला. म्हणजे हे दारही प्रवेशाचेच आहे, आणि ज्याला हातघाई नको त्याला मी तेच सुचवीन. मात्र सातव्यानंतर थेट ‘इन्फिनिट वेल्थ’ उघडू नये. त्यात कासुगाबरोबर किर्यूही नायक आहे आणि हवाईहून जपानला परतल्यावर तो आपल्या साऱ्या आयुष्याचा हिशेब मांडतो. तो हिशेब कळण्यासाठी निदान ‘०’, ‘किवामी’ आणि सहावा भाग झालेले असावेत, आणि त्याच्या आधी २०२३ चा ‘गाइडेन’ हा छोटा भागही.

‘जजमेंट’ आणि ‘लॉस्ट जजमेंट’ हे दोन गुप्तहेरी खेळ त्याच कामुरोचोत घडतात, पण त्यांचा नायक यागामी वेगळा आहे, म्हणून ते मध्ये कधीही घेता येतात. मी ते पाचव्या भागापूर्वीच्या सुटीत घेतले. ‘इशिन’ मात्र शेवटी ठेवला. एकोणिसाव्या शतकातील त्या कथेत ओळखीचेच चेहरे निराळ्या भूमिकांत येतात, आणि मूळ माणसे पक्की ठाऊक असल्याशिवाय त्यांतील गंमत कळत नाही. भाच्याला मी सध्या फक्त ‘०’ घेऊन दिला आहे, आणि सोबत नावांची ती वही.