चार माणसांची फौज आणि सव्वादोनशे रुपयांचा दुधी

नगरला बूथ हॉस्पिटल आहे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय). माझा जन्म तिथलाच. लहानपणी मला पक्कं वाटायचं की तिथं आधी एसटीडी बूथ असणार म्हणून हे नाव पडलं, मग जरा मोठा झालो तेव्हा वाटलं मतदानाचा बूथ असेल. बूथ हे एका खानदानाचं आडनाव आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली, आणि तेही कळलं डोंबिवलीत, शेजारच्या मावशींकडून.

मावशी नगर जिल्ह्यातल्याच, आजोबांपासून मुक्तीफौजेत. मुक्तीफौज म्हणजे साल्व्हेशन आर्मी, ही एक ख्रिस्ती मंडळी. मी त्यांना म्हटलं म्हणजे ते केडगावचं पंडिता रमाबाईंचं का, तर म्हणाल्या, "नाय रे बाळा, ते मुक्ती मिशन, ते येगळं. आमची फौज. आमच्यात मेजर असतात, कॅप्टन असतात." मला वाटलं मावशी मस्करी करतायत. तर त्यांनी कपाटातून पांढरी साडी काढून दाखवली, खांद्यावरच्या लाल पट्ट्या आणि इंग्रजी एस अक्षर वेगळं डब्यात ठेवलेलं. म्हणाल्या येत्या रविवारी भायखळ्याला हंगामाचा सण आहे, येतोस का. मी म्हटलं येतो.

रविवार म्हणजे अर्थातच मेगाब्लॉक. फास्ट गाड्या स्लोवर, स्लो गाड्या देवावर, घाटकोपरच्या पुढं तर गाडी अशी थांबत थांबत चाललेली की मावशींनी पर्समधून चिवडा काढला. त्या दीड तासात मला अख्खी फौज कळली म्हणा ना. काही त्यांनी सांगितली, काही मी आदल्या आठवड्यात वाचून ठेवलेली, दोन्हीचं मिश्रण इथं देतोय.

फौज काढणारा विल्यम बूथ हा मूळचा मेथडिस्ट पंथाचा पाद्री. १८६५ साली त्यानं आणि त्याची बायको कॅथरीन हिनं लंडनच्या ईस्ट एंडात, म्हणजे दारूचे गुत्ते आणि उपाशी पोरं असलेल्या भागात, रस्त्यावर उभं राहून प्रचार सुरू केला. चर्चमधे या लोकांना कोणी शेजारी बसवून घेईना. आधी नाव होतं ख्रिश्चन मिशन, १८७८ ला ते साल्व्हेशन आर्मी झालं आणि मग सगळंच लष्करी झालं, मुख्य माणूस जनरल, पाद्री म्हणजे ऑफिसर, साधा सभासद म्हणजे सैनिक, मंडळी म्हणजे कोअर. माणूस वारला तर म्हणायचं गौरवात बढती झाली. (हे मला फार आवडलं. आमच्या ऑफिसात तर जिवंतपणी पण होत नाही.) बायका पहिल्यापासून ऑफिसर, नवऱ्याच्या बरोबरीनं स्टेजवर उभ्या राहून बोलायच्या. बूथची मुलगी इव्हॅन्जलीन १९३४ ला अख्ख्या फौजेची जनरल झाली आणि आमच्या नगरच्या हॉस्पिटलला नाव आहे ते हिचंच. एसटीडी नव्हे!

आता गंमत अशी की ही तशी छोटीशी मंडळी, पण देशाबाहेर पडायची घाई केवढी. नाव बदलून दोनच वर्षं झाली तर १८८० ला अमेरिकेत, मग ऑस्ट्रेलिया, १८८१ ला फ्रान्स आणि १८८२ ला थेट मुंबई. आशियातलं त्यांचं पहिलं पाऊल आपल्याकडं पडलं. आणि पैसे? मावशी दरवर्षी एक पाकीट भरतात, ज्यात आठवडाभर काहीतरी सोडायचं आणि त्याचे वाचलेले पैसे टाकायचे, मावशी चहा सोडतात म्हणून त्या आठवड्यात त्यांच्याकडं कोणी जात नाही. ही पद्धत १८८६ ची. बाहेरच्या देशांतल्या कामाला निधी हवा होता तेव्हा जॉन कार्लटन नावाच्या एका मेजरनं लिहून दिलं की मी वर्षभर रोजचं पुडिंग खाणार नाही, त्यातून पन्नास शिलिंग वाचतील. बूथ म्हणाला वर्षभर कशाला, सगळ्यांनी एक आठवडा काहीतरी सोडा. बास, तेव्हापासून सुरू. आज ही फौज १३० पेक्षा जास्त देशांत आहे, आणि त्यातलं बरंच काही न खाल्लेल्या पुडिंगवर आणि न प्यायलेल्या चहावर उभं आहे असं म्हटलं तर मावशी रागावणार नाहीत.

भायखळ्याला उतरून पश्चिमेला आलो, नागपाड्याकडून मोरलँड रोडला जायचं. पाटी शेख हाफिझुद्दीन मार्ग अशी आहे, टॅक्सीवाल्याला मोरलँडच कळतं. मावशी म्हणाल्या चालत जाऊ. आणि नागपाड्याच्या आसपास माझ्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला. रविवार, मोची कुठं दिसेना, शेवटी एक चप्पल पिशवीत, एक पायात असं लंगडत चालण्यापेक्षा दोन्ही काढल्या आणि अनवाणी निघालो. नोव्हेंबर होता तरी रस्ता तापलेला, वर पानाच्या पिचकाऱ्या, बिर्याणीच्या डेगा धुतलेलं पाणी, मी प्रत्येक पाऊल बघून टाकतोय आणि मावशी हसतायत. म्हणाल्या, "टकर साहेब असाच चालायचा. तुला दहा मिनिटं झाली, त्यानं वर्षं काढली."

हा टकर खरा बघण्यासारखा माणूस. फ्रेडरिक टकर, जन्म १८५३ चा, बिहारमधल्या मुंगेरचा. आजोबा ईस्ट इंडिया कंपनीचे चेअरमन. स्वतः आयसीएस, पंजाबात नोकरी, म्हणजे त्या काळातली सगळ्यात मलईदार. फौजेच्या पेपरचा एक अंक हातात पडला, रजा काढून लंडनला बूथला बघायला गेला आणि नोकरी सोडून दिली. १९ सप्टेंबर १८८२ ला तो मुंबईत उतरला, बरोबर बुलार्ड आणि नॉर्मन हे दोघे आणि मेरी थॉम्पसन ही बाई. एकूण चार. इकडं पेपरात बोंब झालेली की फौज येतेय, त्यामुळं पोलिस धक्क्यावर हजर. फौजेतले लोक अजून हसून सांगतात, पोलिसांनी विचारलं बाकीची फौज कुठंय, तर टकर म्हणाला हीच, सगळी आली.

आणि मग जे झालं ते मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. या चौघांनी देशी कपडे घातले, पागोटं वगैरे, आणि बँड वाजवत मुंबईच्या रस्त्यावरून मिरवणूक काढली. सरकारनं धरलं. गोऱ्या सरकारनं गोऱ्या मिशनऱ्यांना! कारण दोन. १८७४ ला मुंबईत पारशी-मुसलमान दंगल होऊन गेलेली, त्यामुळं वस्तीतून वाजतगाजत धार्मिक मिरवणूक म्हटलं की पोलिस कमिशनर फ्रँक साउटरच्या कपाळाला आठ्या. हे कारण कागदावरचं, आणि अगदीच खोटं नाही. दुसरं कारण कागदावर नसणार पण उघड आहे, साहेबानं धोतर नेसून नेटिवांच्यात बसायचं म्हणजे साहेबाच्या इज्जतीचं काय उरलं. दंड झाले, अटका झाल्या, १८८३ ला टकर तुरुंगात पण जाऊन आला. आणि त्यांच्या बाजूनं उभं कोण राहिलं, तर आपले लोक. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी जाहीर निषेध केला, आम्हाला त्यांचा धर्म नको पण त्यांना बोलू द्या असा एकूण सूर. फौजेला मुंबईत पहिलं नाव मिळालं ते या खटल्यांमुळं. चौघांना वाजवू दिलं असतं तर आठवड्यात लोक विसरले असते, आपल्याकडं पोलिसांइतकी फुकट पब्लिसिटी कोण करतं.

टकरनं नाव घेतलं फकीर सिंग. ऑफिसर लोक भगवे कपडे, अनवाणी, गावात जे मिळेल ते मागून खाणार. गुजरातमधली एक गोष्ट मावशींनी चालता चालता सांगितली (मोरलँड रोडवर अनवाणी ऐकायला फारच योग्य), की टकर आणि त्याचा सोबती एका गावात गेले, कोणी दारात उभं केलं नाही, पाणी दिलं नाही, तर दोघं झाडाखाली झोपले. लोक जवळ येऊन बघतात तर तळपायाला फोड आलेले. मग गाव वरमलं, उठवून जेवू घातलं. आता यातलं किती घडलं आणि किती सांगता सांगता वाढलं ते सोडा, पण गुजरातेत आणि आपल्या नगर भागात ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलेलं त्यांच्यातच फौज वाढली हे खरं. मावशींचे आजोबा त्यातलेच. मी त्यांना विचारलं ते का गेले फौजेत, काही लालूच वगैरे? मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब आमच्या ओट्यावर बसून आमची भाकर खायचा. गावातला कोण खायचा सांग." मी पुढं काही विचारलं नाही.

चप्पल मिळाली, निळी स्लीपर, शंभर रुपये.

भायखळ्याला फौजेचं मोठं ऑफिस आहे, महाराष्ट्र आणि गुजरातचा सगळा कारभार इथून चालतो. हॉल मात्र साधा, शाळेच्या हॉलसारखा. क्रूस भिंतीवर, पुढं लाल झेंडा, निळी किनार, मधे पिवळा तारा. एक मोठा ड्रम, एक पेटी, ढोलकी, खंजिऱ्या. आणि सगळ्यात पुढं एक लांब लाकडी बाक, मी तिथं बसायला निघालो तर मावशींनी शर्टाला धरून मागं ओढलं. तो बसायचा नाही, ज्याला मनातलं काही सोडायचंय त्यानं तिथं जाऊन गुडघे टेकायचे. नंतर एक माणूस खरंच गेला, साठीचा असेल, पाच-सात मिनिटं डोकं टेकवून बसलेला, आणि एक ऑफिसरबाई शेजारी गुडघे टेकून बसल्या, काही न बोलता, नुसता पाठीवर हात. बाकी लोक गात होते. तो हात मला अजून दिसतो.

यांच्यात बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन पण नाही. बाकी ख्रिस्ती मंडळींना हे फार विचित्र वाटतं म्हणे. झेंड्याखाली उभं राहून करारावर सही करायची की झाला सैनिक, त्यात दारू नाही, तंबाखू नाही. गणवेशावरचा एस म्हणजे तारण आणि सेवा यांची इंग्रजी आद्याक्षरं.

हॉलमधे मिझोरामची दोन मुलं भेटली, नोकरीला मुंबईत आलेली. त्यांच्याकडं ही फौज इंग्रजांनी नेलीच नाही. कोलखुमा नावाचा मिझो तरुण आपणहून मुंबईला आला, इथं ट्रेनिंग घेतलं आणि १९१७ ला ऑफिसर होऊन परत गेला, तिथून सुरुवात. रेल्वे आणि पायवाटांनी मिझोराम ते मुंबई, त्या काळात! आणि आम्ही डोंबिवली ते भायखळ्याचं रडतोय.

आता जे मला टोचलं ते. १९०८ पासून हाच टकर, एव्हाना बूथच्या मुलीशी लग्न करून बूथ-टकर झालेला, सरकारबरोबर गुन्हेगार जमातींच्या वसाहती (सेटलमेंट) चालवायला लागला. १८७१ चा तो कायदा, जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा. सुरुवात गोरखपूरकडं, मग पंजाब, मद्रास, आंध्रातलं स्टुअर्टपुरम १९१३ चं. सोलापूरकरांना सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायला नको, तिथली दुसऱ्यांनी चालवलेली पण तऱ्हा तीच. हजेरी, पास, कुंपण. शाळा होत्या, माग होते, जमीन दिली, सगळं खरं, पण ज्या माणसाला १८८३ ला सरकारनं आत टाकलं तो पंचवीस वर्षांनी सरकारच्या वतीनं किल्ल्या सांभाळत होता. त्याला कैसर-ए-हिंद पदक पण मिळालं. मी हे एका म्हाताऱ्या रिटायर्ड मेजरसाहेबांना विचारलं, जरा घाबरतच. ते चिडले नाहीत. म्हणाले तेव्हा वाटलं असेल जेलपेक्षा बरं. मग थोडं थांबून म्हणाले, "पण अनवाणी होतो तेव्हा लोक आपणहून यायचे." आणि चहा प्यायला निघून गेले.

मग लिलाव. हंगामाचा सण म्हणजे ज्यानं त्यानं पिकवलेलं आणून लिलावाला द्यायचं, आता मुंबईत काय पिकवणार, तर लोकांनी बाजारातून आणलेलं, गावाहून मागवलेलं, नारळ, ज्वारीची पायली, केक, एक जिवंत कोंबडा जो उपासनाभर मधेमधे साक्ष देत होता. एक दुधी होता, साधारण हातभर, देठाला अजून पान. बोली तीसपासून सुरू. एकानं ऐंशीला घेतला आणि लगेच परत दिला, पुन्हा लिलाव, दुसऱ्यानं दीडशेला घेऊन परत दिला, म्हणजे दुधी एक आणि पैसे दोनदा. मी मधेच उत्साहात सव्वादोनशे ओरडलो आणि हॉल एकदम शांत. मला परत द्यायचं सुचलंच नाही. मावशी डोळ्यांनी खुणावतायत आणि मी दुधी कडेवर घेऊन उभा.

दुपारी एकटाच कुलाब्याला गेलो, ताजच्या मागं फौजेचं रेड शील्ड गेस्ट हाऊस आहे ते बघायला. ताज परवडत नाही पण गेटवे जवळ पाहिजे अशा फिरस्त्या गोऱ्या पोरांचा हा जुना अड्डा, हिंदी पिक्चरमधे मागं नाचायला फॉरेनर लागले की एजंट इथंच यायचे. पायरीवर एक गोरा पोरगा बसलेला, भलीमोठी सॅक, सुती कुर्ता, अनवाणी. माझ्या हातातल्या दुधीकडं बघून त्यानं विचारलं हे काय वाद्य आहे का. मी म्हटलं भाजी. तो म्हणाला कितीला.

मी सांगितलं नाही. संध्याकाळी घरी बायकोनं पण हेच विचारलं, तिला म्हटलं चाळीस. ती म्हणाली चाळीस? लुटलं तुला.