आण्णांची लाईट

"पैंसठ म्हणाला का पैंतीस?"

मॅनेजरांनी रिसीव्हरवर तळहात दाबून समोरच्या कारकुनाला विचारलं. कारकुनानं माझ्याकडं बघितलं. दिल्लीचा व्यापारी मलाच भाव सांगून गेला असावा, अशा नजरेनं. किलोला एकशे पैंसठ आणि एकशे पैंतीस यांत तीस रुपयांचा फरक, आणि बोलणं चाललेलं दहा टन बेदाण्याचं. म्हणजे तीन लाख रुपये फोनमधल्या घुंईत लोंबकळत होते.

ही गोष्ट एप्रिल २०१२ मधली. तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं ऑफिस. मी तेव्हा सांगलीत ईपीएबीएक्स बसवायचं आणि सांभाळायचं काम करायचो. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातली ती भिंतीवरची पेटी. बाहेरच्या चार लाईनी तिच्यात जातात आणि आतल्या सोळा टेबलांवर वाटल्या जातात. या ऑफिसचं वार्षिक देखभालीचं कंत्राट माझ्याकडं होतं, आणि फोनवर घुंऽ असा आवाज येतो या एका तक्रारीसाठी मी पाचव्यांदा मोटारसायकलवर पंचवीस किलोमीटर आलो होतो.

आधीच्या चार खेपांपैकी दोनदा आलो तेव्हा फोन स्वच्छ होता. ज्यानं हे काम केलंय त्यालाच कळेल की मेकॅनिकसमोर नीट चालणारं यंत्र किती अपमान करतं. दोनदा घुं ऐकू आली. एकदा मी दोन फोन बदलले, एकदा लाईन जिथं लागते ते अख्खं कार्ड बदललं. उपयोग शून्य. मॅनेजरांचं म्हणणं जानेवारीपासून एकच होतं, "तुम्ही ते आर्थिंग केलं ना, तेव्हापासून हे सुरू झालं." मी हसून सोडून द्यायचो. जुना अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. मी नवा खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरून, पट्टी टाकून पेटीला चांगली अर्थ दिली होती. चांगल्या कामानं कुठं बिघाड होतो का?

त्या दिवशी मात्र सकाळी साडेनऊला पोचलो आणि घुं हजर होती. मनातल्या मनात नारळ फोडला.

आवाजाचीही जात असते. कडकड येत असेल तर कुठंतरी सैल जोड. सूंऽ असा फुसफुसाट आला तर बहुधा ओल. आणि घुंऽ म्हणजे वीज. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, पण नुसते ५० फोनमध्ये फारसे ऐकू येत नाहीत, कारण टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० सायकलच्या आतलंच नीट पोचवतो. कानाला टोचते ती त्या पन्नासची पिलावळ, ३५०, ४५०, ५५० अशी विषम पटीतली. 'स', 'ठ', 'त' असली अक्षरं मुळातच फोनवर अशक्त असतात. त्यांच्यावर ही पिलावळ बसली की पैंसठचा पैंतीस होतो.

पहिला संशय कॉम्प्रेसरवर. शेजारच्या शेडमध्ये अमोनियाचे मोठाले कॉम्प्रेसर धडधडत होते, त्यांची केबल ऑफिसच्या भिंतीलगत. दहा मिनिटं बंद ठेवा म्हटल्यावर ऑपरेटर अंगावरच आला. खोल्या तापल्या आणि हिरवा बेदाणा काळा पडला तर तो मी खाणार का, असं त्यानं विचारलं. शेवटी मॅनेजरांनी सांगितल्यावर पाच मिनिटं मिळाली. शेड गप्प झाली, पाखरांचा आवाज यायला लागला, आणि मी फोन कानाला लावला. घुंऽ. तशीच, टिंबभरही कमी नाही.

मग पद्धतशीर बसलो. आतल्या आत, एका टेबलावरून दुसऱ्यावर फोन केला, स्वच्छ. बाहेर लावला तर कधी घुं, कधी नाही. याचं कारण लगेच लक्षात आलं. शून्य दाबलं की पेटी चारांतली जी रिकामी असेल ती लाईन देते. म्हणून स्टाफला वाटायचं की आवाज लहरी आहे. एकेक लाईन वेगळी घेऊन ऐकली. पहिली-दुसरी छान, तिसरी-चौथी घुमणाऱ्या. तिसरी लाईन पेटीतून सोडवली आणि थेट माझा टेस्ट फोन लावला. स्वच्छ! पुन्हा पेटीला जोडली, की घुं. पहिलीच्या जागी तिसरी लावून बघितली, तर घुं तिच्यामागं पहिल्या पोर्टवर, म्हणजे पेटीतल्या पहिल्या लाईनीच्या खाचेवर, आली. म्हणजे पोर्ट निर्दोष. पण एकटी असताना लाईनही निर्दोष. दोघं एकत्र आले की भांडण. लग्नघरातल्यासारखं.

हताश होऊन पेटीची अर्थची वायर उचलली. घुं जवळजवळ गेलीच.

मॅनेजर मागं उभेच होते. "बघा, मी काय म्हणत होतो? राहू दे आता काढलेलीच."

खरं सांगतो, मोह झाला. बिल फाडून बाराच्या आत सांगलीला पोचलो असतो. पण नवखा असताना एका दुकानात मी हेच केलं होतं. अर्थ काढली, आवाज गेला, शाबासकी मिळाली, आणि मे महिन्यातल्या वळवात वीज कडाडली तेव्हा तीन कार्डं जळून कोळसा झाली. लाईनीवर बसवलेल्या गॅसच्या नळ्या विजेचा वाढलेला दाब जमिनीत सोडून देतात, पण जमीनच तोडून टाकली तर त्यांनी सोडायचा कुठं? वायर परत लावली. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला.

मीटर काढला. चारही लाईनींची प्रत्येक तार जमिनीच्या तुलनेत एसी व्होल्टवर मोजली. सगळ्यांवर वीस-बावीस व्होल्ट. चांगल्या लाईनींवरसुद्धा! डिजिटल मीटर असल्या ठिकाणी थोडं फुगवून दाखवतो हे धरूनही, बाहेरून कुठून तरी चारही जोड्यांवर सारखीच वीज चढत होती. पहिल्या दोन तिला पचवत होत्या, पुढच्या दोघींना ती बाधत होती.

इथं चहा आला. चहा आणणारे आण्णा म्हणजे ऑफिसचे शिपाई, पन्नाशीचे. कप ठेवत ते सहज म्हणाले, "आज आवाज असणारच की वो. आमची लाईट दिवसाची हाय."

"म्हंजे?"

"शेतीची लाईट. ह्या आठवड्यात दिवसाची हाय, सकाळी आठ ते चार. फुडल्या आठवड्यात रातची. दिवसाची असली की तुमचा फोन घुंई करतोय. रातची असली की गप. मी सांगितलं हुतं सायबास्नी, पर माझं कोण ऐकतंय."

मी कप तसाच धरून बसलो. शेतीपंपांचा फीडर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारी मुख्य लाईन, वेगळी. तिला थ्री-फेज ठरलेल्या तासांतच, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ऑफिसची आणि कोल्ड स्टोरेजची वीज दुसऱ्या फीडरवरून चोवीस तास. त्यामुळं ऑफिसात कुणाला त्या पाळीचा पत्ताच नव्हता. आणि मला आठवलं की ज्या दोन खेपांना फोन स्वच्छ होता, त्या दोन्ही वेळा आण्णा दाराशी खुर्चीत बसून पेंगत होते. खरड छाटणी, म्हणजे द्राक्षवेलींची उन्हाळ्यातली छाटणी, झालेल्या बागेला रात्रभर पाणी देऊन आलेला माणूस. बिघाडाचं वेळापत्रक माझ्यासमोर घोरत होतं, आणि मी कार्डं बदलत होतो.

"लाईन कुठनं येते आपली?" मी विचारलं.

"कॅनॉलच्या कडंनं. पंपाच्या तारा वर, तुमची वायर खाली. एकाच रांगेत खांब हायत."

टेलिफोन कंपनीच्या लाईनमनला फोन केला. तो दोनच्या सुमारास आला, तोही वैतागलेला, कारण ही तक्रार त्याच्याकडंही तीनदा जाऊन आली होती. आल्याआल्या त्यानं तिसरी लाईन सोडवली, आपला फोन लावला, माझ्या कानाशी धरला. "ऐका. काय हाय का? तुमच्या मशीनचा दोष हाय."

मी म्हटलं, "आतल्या आत मशीन स्वच्छ आहे. मशीनचा दोष नाही."

दोघंही खरं बोलत होतो, म्हणून तर तीन महिने प्रकरण मिटत नव्हतं. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून जातात. शेजारच्या विजेचा परिणाम दोघींवर सारखा होतो, आणि फोन फक्त दोघींतला फरक ऐकतो. फरक नाही तर आवाज नाही. पण दोघींपैकी एकीच्या वाटेत अडथळा असेल तर बरोबरी बिघडते आणि फरक ऐकू यायला लागतो. तोही कधी? चढलेल्या विजेला जमिनीकडं वाहून जायला वाट मिळाली तरच. लाईनमनचा किंवा माझा टेस्ट फोन हातात अधांतरी असतो, त्याला जमीनच नाही. वीज वाहत नाही, आवाज नाही. पेटीला मात्र जमीन होती. चांगली, ओली, कोळसा-मीठवाली. मी जानेवारीत दिलेली. मॅनेजर तेवढ्यापुरते बरोबर होते! जुन्या कोरड्या खड्ड्यानं हा दोष झाकून ठेवला होता, माझ्या नव्या खड्ड्यानं तो उघडा पाडला.

लाईनमनला हे पटायला वेळ लागला नाही. त्यांच्या भाषेत तारेच्या एकेका बाजूला लिंब म्हणतात. कडुलिंबाशी काही नातं नाही, इंग्रजीतून आलेला शब्द. "म्हंजे एक लिंब हाय-रेझिस्टन्स," तो म्हणाला. "मोजू या."

मोजायला अडचण अशी की तारेवर वीज चढलेली असताना अडथळ्याचा, म्हणजे ओहमचा, आकडा नुसता थरथरतो. आण्णा म्हणाले, "चार वाजूस्तवर बसा की. जातीयाच."

बसलो. पाच माणसं ऑफिसात फोनकडं बघत बसलोय, हे दृश्य बाहेरून कुणी बघितलं असतं तर हसला असता. मॅनेजरांनी तिसरी लाईन स्पीकरवर टाकली होती. चार वाजून सहा मिनिटांनी घुंऽ एकदम तुटली. बटण दाबल्यासारखी. नुसता डायल टोन राहिला.

"गेली लाईट," आण्णा म्हणाले, आणि कपबश्या उचलायला लागले.

लाईनमननं एक्स्चेंजला सांगून तिथं लाईनी सोडवल्या आणि प्रत्येक जोडीच्या दोन्ही तारा जमिनीला जोडायला लावल्या. इकडून मी एकेक तार मोजली. पहिल्या लाईनीच्या दोन्ही तारा १८०-१८५ ओहम. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याची एक तार किलोमीटरला ८५ च्या आसपास भरते, एक्स्चेंज दोनेक किलोमीटरवर, म्हणजे हिशोब जुळला. तिसरीची एक तार १८२. दुसरी ९४०, पाहता पाहता १,१००. चौथीचीही तीच कहाणी, आकडा थोडा कमी.

दोघं कॅनॉलच्या रस्त्यानं निघालो. डीपी शोधत. (टेलिफोनवाल्यांचा डीपी म्हणजे खांबावरची छोटी पेटी, आणि वीजवाल्यांचा डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. या एका शब्दावरून मी एकदा भलत्याच शेतात जाऊन उभा राहिलो होतो.) चौथ्या खांबाशी सापडलं. आदल्या वर्षी रस्ता रुंद करताना खांब सरकवला होता आणि वायर कमी पडली म्हणून मध्ये तुकडा जोडलेला. जोड म्हणजे काय, तर तारा हातानं पिळून वर काळी चिकटपट्टी. पट्टी सोलली तर आत हिरवी पूड. एका पावसाळ्यात तांब्यानं शेवाळ धरलं होतं. दोन जोड्या तशा, बाकीच्या दोन नशिबानं दुसऱ्या धड वायरीतून गेलेल्या.

लाईनमन काही बोलला नाही. खांबावर चढला, टोकं कापली, चकचकीत तांबं लागेपर्यंत सोलली, जेली भरलेले छोटे कनेक्टर पक्कडीनं दाबून बसवले. परत मोजलं तर १८३ आणि १८४. तोवर सूर्य द्राक्षबागांच्या मांडवाखाली गेला होता.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी आठनंतरच होणार होती. रात्री नीट झोप लागली नाही हे कबूल करतो. सव्वाआठला सांगलीहून फोन लावला, मुद्दाम तिसऱ्या लाईनीच्या नंबरावर. ऑफिस उघडलं नव्हतं, आण्णांनी उचलला.

"आण्णा, लाईट आली का?"

"आली की, आठालाच."

मी कान देऊन ऐकलं. पलीकडं झाडूचा आवाज, लांब कुठंतरी कॉम्प्रेसर, बाकी काही नाही.

"आवाज न्हाई वो," आण्णा म्हणाले. "पर आता ठिवू का? घरला फोन लावायचाय. लाईट येऊन पंधरा मिन्टं झाली, आन् पोरगं मोटर चालू करायला अजून उठलेलं न्हाई."