प्लगचा गॅप हॅक्सॉ ब्लेडनं पाहू नका

राजेहो, स्पार्क प्लग नवा असो की जुना, त्याचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते दोन टोकांमधलं (इलेक्ट्रोडमधलं) अंतर, पाहायला आजही कितीतरी हात आधी हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, ब्लेड शोधतात. ब्लेड घासत सरकलं की काम झालं म्हणायचं! हे ब्लेड साधारण 0.65 मिमी जाड असतं. पॉइंट-कंडेन्सरनं ठिणगी पाडणाऱ्या जुन्या इंजिनांत तेवढं खपून जायचं. आता बऱ्याच गाड्यांत दर सिलिंडरला ठिणगीचं व्होल्टेज देणारी वेगळी कॉइल असते आणि अशा बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 1.0 ते 1.1 मिमी गॅप लागतो. तिथे ब्लेडच्या मापानं ठिणगी पडते, पण इवलीशी. मिश्रण नीट पेटत नाही आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, गाडी थरथरते.

गॅप जास्त झाला तर लक्षण उलटं. उभी गाडी ठीक चालते, पण एसी लावून, चार माणसं बसवून नागपुरात वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढली की मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सुरू. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, तसं ठिणगीला लागणारं व्होल्टेजही वाढतं. ते रोज द्यावं लागलं तर कॉइलचं आयुष्य कमी होतं.

बरोबर आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. प्लगच्या कोडवरूनही कळतो: एनजीके कंपनीच्या बीपीआर6ईएस-11 मधलं शेवटचं 11 म्हणजे 1.1 मिमी. मधला 6 हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा), त्याचा गॅपशी संबंध नाही. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत गॅप बहुधा 0.7-0.8 ठेवतात. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर पुस्तकातलाच आकडा, त्यात आपलं डोकं लावू नये.

काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी संध्याकाळीही लवकर निवत नाही, आणि गरम ॲल्युमिनियम हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणातून) प्लग काढला तर आटे जाऊ शकतात. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. नागपुरी धूळ तिथे हमखास साचलेली असते, प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

नव्या प्लगला सपाट फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) चालतो. जुन्याला तारेचा गेज घ्या, कारण झिजलेल्या इलेक्ट्रोडला खळगा पडतो आणि सपाट पट्टी त्यावर आडवी बसून गॅप कमी दाखवते. 1.0 ठेवायचा असेल तर 1.0 ची तार हलकी घासत जावी, 1.1 ची जाऊ नये.

गॅप कमी करायला बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड लाकडावर हलकेच ठोका. वाढवायला गेजच्या हुकानं फक्त तोच उचला. मधल्या टोकावर टेकू देऊन उचकलं तर आतली चिनीमाती तडकते. तडा दिसतही नाही, आणि मग माणूस कॉइल बदलत बसतो. इरिडियमचं टोक तर इतकं बारीक, की तिथे नाण्यासारखा गोल गेज घालूच नये. तो गॅप कारखान्यातूनच लावून येतो. तारेनं हळूच तपासा आणि फार चुकला असेल तर दुकानदाराला परत करा. 0.2 मिमीपेक्षा जास्त वाकवावं लागत असेल, तर प्लगच गाडीचा नाही असं समजा. खाली पडलेला प्लगही लावू नका.

लावताना पेट्रोलच्या रबरी पाइपाचा तुकडा प्लगच्या मागच्या टोकावर चढवून हातानं फिरवा. आटे तिरपे लागले तर पाइप घसरतो, हेड वाचतं. वॉशर टेकला की 14 मिमी आट्याचा नवा प्लग पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच जुना परत लावत असाल तर बाराव्या हिश्श्याएवढाच फेरा, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) असेल तर पुस्तकातलं माप घ्या. वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा हिस्साच पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका, त्यानं नकळत जास्त आवळलं जातं.

एका वेळी एकच प्लग काढा, वायरी असलेल्या गाडीत फायरिंग ऑर्डरचा (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाचा) घोळ होत नाही. सगळे बसले की एसी लावून आयडल ऐका, आणि मग तोच पूल तिसऱ्या गिअरमध्ये चढून पाहा.