तुम्ही विचारलंत म्हणून: सोडलेले ऋण

शाहूपुरीतल्या माझ्या बाइंडिंगच्या दुकानात येणारी मंडळी मला पुष्कळदा विचारतात, "ख्रिस्तावरच्या विश्वासाने तुम्हांला शांती मिळाली म्हणता, म्हणजे नेमके काय मिळाले?" अंबाबाईसमोर हात जोडून आलेल्या माझ्या शेजाऱ्यांच्या समाधानाबद्दल मी काही बोलणार नाही, मला फक्त माझे सांगता येते.

वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बिनसले. आईच्या आजारपणात मी केलेला खर्च, त्याने दिलेले आणि मोडलेले शब्द, चारचौघांत केलेला पाणउतारा, हे सारे मी तारखेनिशी एका वहीत मांडत गेलो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हा पुठ्ठ्याचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकांच्या अर्धवट शिवलेल्या खतावण्या खाली तशाच ठेवून मी सर्वांत आधी ती वही माळ्यावर टाकली. पूर ओसरल्यावर चिखलात फुगून बसलेले पुठ्ठे उपसताना ती कोरडी वही हाती आली आणि मला स्वतःची भीती वाटली.

लहानपणापासून तोंडपाठ असलेली प्रभूची प्रार्थना त्यानंतरच्या रविवारी मला पुरी म्हणता आली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातली मराठी ओळ अशी आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." 'सोडू' नव्हे, 'सोडले आहे'. आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या शिवणाऱ्या माणसाला या शब्दाचा अर्थ कोणी उलगडून सांगायची गरज नव्हती, आणि देवासमोर उभा राहून मी दर रविवारी खोटे बोलत आलो होतो. पाळकसाहेबांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. रोज सकाळी भावाचे नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, एवढेच म्हणाले. कित्येक महिने मी ती दात आवळून केली.

२०२० चा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, टाळेबंदीत घरीच पाळला. वधस्तंभावरचे प्रभूचे शब्द पत्नीला वाचून दाखवत होतो: "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." कोणी क्षमा मागितलेली नसताना, खिळे ठोकणाऱ्यांसाठी केलेली ही विनंती आहे. मी काही मागण्याआधीच माझेही खाते असेच मिटवले गेले आहे, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा आतून पटले. आजवर ते मी केवळ ऐकत आलो होतो. अटक झाली त्याच संध्याकाळी, अटकेच्या काही वेळ आधी, सारे समोर दिसत असताना, येशू शिष्यांना म्हणाला होता, "मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही." माझा वाद मिटल्यावर मिळेल अशी शांती मी शोधत होतो, आणि ही तर वाद तसाच असताना हातात ठेवली जात होती.

वहीची लिहिलेली पाने मी चुलीत घातली. वाटणीचा प्रश्न सुटलेला नाही, आणि रागही पुरता गेलेला नाही. तो आला की सकाळची प्रार्थना जरा लांबते. गेल्या नाताळाला करंज्यांचा डबा घेऊन भावाच्या दारी गेलो. त्याने डबा घेतला, आत ये म्हणाला नाही. मी चालत घरी आलो, जेवलो आणि पहाटेपर्यंत गाढ झोपलो.