सफा मशिदीपासून साखळीपर्यंत

गोव्यातल्या फोंड्याहून पंढरपूरला आमची दिंडी निघाली तेव्हा पाऊस नुकताच लागला होता. 2023 चे साल. आषाढी एकादशी आणि बकरी ईद त्या वर्षी एकाच दिवशी, 29 जूनला येत होत्या. चाचा म्हणाले, "पंढरपूर यंदाही राहिले, बाब. साखळी गावापर्यंत येतो."

आमच्या शेजारचे हे चाचा दरवर्षी पहिला दिवस दिंडीबरोबर चालतात. तरुणपणी ते कव्वालांच्या साथीला ढोलक वाजवायचे. मी दिंडीत मृदंग वाजवतो. आमचा घरोबा त्यातूनच झाला.

पहाटे सफा मशिदीपाशी आलो. विजापूरच्या अली आदिलशहाच्या काळातली, 1560 मधली ही मशीद आणि शेजारी जांभ्या दगडाची बांधीव तळी. अजान सुरू झाली तसा विणेकऱ्याने हात वर केला, टाळ थांबले. चाचा नमाज पढून आल्यावर मी म्हटले, "काय सुरेल होते!"

"ते गाणे नव्हे, बाब. कुराण पढणे हेही गाणे नव्हे, कानाला कितीही गोड लागो. कुठले अक्षर कुठून उच्चारायचे, किती लांबवायचे, त्याची तजवीद असते, पढण्याचे नियम."

गाणे वेगळे. अल्लाच्या स्तुतीची हम्द, पैगंबरांच्या स्तुतीची नात, हजरत अली आणि अवलियांची मनकबत. कव्वालीची बैठक साधारण याच क्रमाने चढत जाते. कव्वाली हा शब्दच 'कौल'वरून आला. कौल म्हणजे वचन. कवी अमीर खुसरोंनी आपले गुरू, दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन अवलिया यांच्या सावलीत ही परंपरा घडवली असे कव्वाल मानतात. गुरू गेले 1325 मध्ये, आणि त्याच वर्षी शिष्यही.

पण सगळ्या मुसलमानांना हे मान्य आहे असे नाही. चाचांचे धाकटे भाऊ नुसत्या गळ्याने नात म्हणतात, वाद्याला शिवत नाहीत. त्यावरून घरात शब्दाला शब्द लागतो, तरी भावाची नात ऐकताना चाचांचे डोळे भरतात, हे मी पाहिले आहे.

आमच्या गोव्याच्या गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या याचा आम्हा गोंयकारांना केवढा अभिमान! पण दर्ग्यात काय गातात, कसे गातात, हे मी त्या दिवसापर्यंत कुणाला विचारले नव्हते. याची मला खरोखर खंत वाटते.

उसगावच्या अलीकडे सर आली. मृदंगावर प्लास्टिक ओढेपर्यंत उजव्या पुडीवरची काळी शाई ओलावली आणि डाव्या पुडीला लावलेली कणीक सुटायला लागली. चाचांनी खांद्यावरच्या पंच्याने शाई हलकेच टिपली, बोटाने कणीक पुन्हा चेपून बसवली. "ढोलकाचा मसाला आतून असतो, त्याला ही कटकट नाही," म्हणाले.

भिजल्यामुळे मी घाई केली. अभंगाचा चरण दोनदा घेऊन पुढे गेलो. चाचांनी कोपराला धरले.

"सोडलास का तो चरण? त्या आजींचे डोळे मिटलेले होते."

मग चालता चालता त्यांनी सांगितले. सूफी या बैठकीला समा म्हणतात, म्हणजे ऐकणे. नाव गाण्याला नाही, ऐकण्याला दिलेले. ऐकणाऱ्याला ज्या ओळीवर हाल आला, म्हणजे भान हरपले, ती ओळ कव्वालाने सोडायची नाही. 1235 मध्ये दिल्लीत सूफी संत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी असेच एका फारसी शेरावर हरवले. समर्पणाच्या खंजिराने मारल्या गेलेल्यांना अदृश्यातून क्षणोक्षणी नवा प्राण मिळतो, असा त्याचा अर्थ. सांगतात की कव्वाल तोच शेर दिवसरात्र गात राहिले, आणि त्यातच ख्वाजांनी देह ठेवला.

"गाणाऱ्याचा गळा दुखला तर दुखू दे," चाचा म्हणाले. "मधेच तोडणे हे पाप."

साखळीला पोचलो तेव्हा पाय सोलून निघाले होते. रात्री विठ्ठलाच्या देवळात भजन उभे राहिले. त्याच आजी खांबाला टेकून बसल्या होत्या. तिसऱ्या अभंगात त्यांची मान डोलता डोलता थांबली, ओठ नुसते हलू लागले. विणेकऱ्याने पुढचा चरण उचलायला माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच नको म्हटले आणि ठेका तसाच धरून ठेवला. टाळकऱ्यांनी तोच चरण पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. मागून, टाळांच्या मधल्या जागेत, टाळ्या पडू लागल्या. कव्वालांच्या मागे बसून देतात तशा, उघड्या पंजाच्या, घट्ट.

आजींनी डोळे उघडले तेव्हा चाचांची फोंड्याची शेवटची बस केव्हाच निघून गेली होती.