जुनी सिटी, पाच नवे टायर

आमची होंडा सिटी २०१२ ची, पेट्रोल. नागपुरात तिचं रोजचं चालणं फार नाही. बाबा बाजाराला काढतात आणि सणावारी समृद्धीवरून नाशिकला, ताईकडे जाणं होतं. अशा गाडीचे टायर घासण्याआधी म्हातारे होतात, आणि हे घरात पटवून देणं सगळ्यात जिकिरीचं.

बाबांचं म्हणणं एकच, "नक्षी शिल्लक आहे ना? मग कशाला बदलायचे?" नक्षी होतीच. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. टायर तिथवर घासला की कायद्यानेही बाद. आमचे टायर त्याहून बरेच वर होते. पण साइडवॉलवरच्या ‘डॉट’ कोडचे शेवटचे चार आकडे निघाले १११७, म्हणजे २०१७ सालचा अकरावा आठवडा. तेव्हापासूनचे सगळे नागपुरी उन्हाळे त्यांनी उघड्यावर काढलेले, त्यामुळे साइडवॉलवर बारीक भेगा. मिशेलिन कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी कसाही दिसत असला तरी बदला. आमच्याकडच्या उन्हात मी काही दहाची वाट बघणार नव्हतो.

शेवटी समृद्धीने बाजू सावरली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाल्यावर टायर फुटल्याच्या बातम्या आम्ही सगळ्यांनीच वाचल्या होत्या. पुढे आरटीओवाले प्रवेशावरच टायर तपासू लागले. तापलेलं काँक्रीट, तासन्‌तास एकसारखा वेग, त्यात हवा कमी असली तर टायर आतून आणखी तापतो. बाबा म्हणाले, "बरं, बघ मग."

दुकानदाराने आधी स्टेपनी काढायला लावली. "साहेब, ही रस्त्याला लागलेलीच नाही. ही चढवा, तीनच नवे घ्या." दिसायला खरंच कोरी होती, टायरवरचे रबरी केससुद्धा शाबूत. पण कोड २०१२ चा! डिकीत ऊन लागत नाही एवढंच. रबराचं वय काही थांबत नाही. ती रस्त्यावरच्या एखाद्या टायरच्या जागी लावणं तर सोडाच, स्टेपनी म्हणूनही ठेवायची नाही असं ठरवलं आणि टायर पाच घेतले. बाबांना हे अजून पचलेलं नाही.

मग साइज. मूळ टायर १७५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. दुकानदाराचा आग्रह १८५/६५ चा, "गाडी भारदस्त दिसेल." हिशेब केला तर त्याने चाकाचा व्यास साधारण ६०८ वरून ६२१ मिलिमीटर होतो, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त वाढ. काटा ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी त्याहून थोडी जोरातच असणार. जाडच टायर हवा असेल तर १८५/६० मूळ व्यासाच्या जास्त जवळ जातो. मी मूळच ठेवला. स्टिअरिंग हलकं राहतं आणि ॲव्हरेज पडत नाही. लोड इंडेक्स ८४, म्हणजे एका टायरवर ५०० किलो. तो आकडा मूळ टायरपेक्षा कमी चालत नाही.

कंपनीवर फार डोकं लावलं नाही. नामांकित चार-पाचांपैकी ज्याचा माल २०२५ सालचा मिळाला तो घेतला. दर मात्र दुकानात जुनाच सांगत होते. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, ते बोलल्यावर बिल उतरलं. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरायला नको म्हटलं. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

नवे टायर बसवण्याआधी एक काम होतं. पुढचा डावा टायर आतल्या कडेने जास्त घासला होता. दुकानात म्हणाले, अलाइनमेंट करू, म्हणजे चाकांचे कोन जुळवू, सरळ होईल. आमच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेऊन पाना लावून लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, हलवला, तर त्याच्या सांध्यातलं रबरी बुश फाटलेलं. खिळखिळ्या बुशवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या चार खड्ड्यांत विस्कटतं. दोन्ही बाजूंची बुशं बदलली आणि मगच टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. व्हॉल्व्हही नवे घातले. ते जुनेच ठेवून हवा गळण्याची वाट कशाला बघायची? त्याच खेपेला ब्रेक ऑइल बदललं. ते ओलावा शोषून घेतं, त्यामुळे गाडी कमी चालली तरी दर दोन वर्षांनी बदलावं लागतं.

आता हवा बाबाच बघतात, सकाळी टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. साइडवॉलवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. तापमानाच्या दर पाच-सहा अंशांना हवेच्या दाबात एक पीएसआय फरक पडतो, म्हणून दुपारी पंपावर मोजून हवा सोडणारे रात्री कमी हवेवर चालतात.

डावा शॉकअप किंचित तेल सोडतोय, तो दिवाळीनंतर. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. मग आरटीओत तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. आईचं मत, तेव्हा विकून टाकू. बाबांनी मात्र नवी सीट कव्हरं शिवायला टाकली आहेत.