एका तिवड्याला दोन पाती

म्युनिकच्या यू-६ मेट्रोने शेवटपर्यंत गेलं की गार्शिंगचा संशोधन परिसर येतो. पहिल्याच हिवाळ्यात इथे मी मार्गदर्शक बाईंसमोर आलेख ठेवून ठासून सांगितलं, "ही दीर्घिका फिरतच नाही." त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "फैलावाचा नकाशा बघितलास?" एवढंच विचारलं.

दीर्घिका होती कन्या समूहातली एनजीसी ४५५०, सरावासाठी दिलेली. इतक्या लांबचे तारे सुटे दिसत नाहीत, असंख्य ताऱ्यांचा उजेड एकत्रच येतो. त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा किती सरकल्या, यावरून वेग काढायचा. मी प्रत्येक ठिकाणी एकच सरासरी वेग काढला आणि तो शून्याच्या आसपास आला. वेगांचा फैलाव (एका ठिकाणच्या ताऱ्यांचे वेग एकमेकांपासून किती वेगळे, ते) मात्र केंद्राच्या दोन्ही बाजूंना फुगला होता. ते मी मोजमापातली गडबड समजून सोडून दिलं. रेषा मोठी करून पाहिली तेव्हा कळलं, ती एक नाहीच. दोन रेषा एकमेकींवर चढल्या होत्या. निम्मे तारे एका दिशेने, निम्मे उलट, दोघेही सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटरने. सरासरी शून्य येणारच! खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांनी हे १९९२ मध्येच छापलंय. मी वाचलं नव्हतं.

रविवारी चाळीसगावकडे फोन. "काय करी ऱ्हायना रे?" नानांचा ठरलेला प्रश्न. (भास्कराचार्यांचं पाटण जवळ, म्हणून पोराला हे वेड लागलं, असं ते गावात सांगतात.) म्हटलं, नाना, मळणीला खळ्यात मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैलांची पात फिरायची ना? त्याच तिवड्याला दुसरी पात उलटी जुंपली, असं समजा.

"मंग त्या धडकतस नही का?"

नाही. सूर्य आपल्या अंगणातलं बोर धरलं, तर शेजारचा तारा पार हैदराबादेत पडेल. एवढ्या मोकळ्या जागेत कोण कुणाला धडकणार? वायूचे ढग मात्र आपटतात, त्यामुळे वायू शेवटी एकाच दिशेने फिरत राहतो.

नाना जरा थांबले. "दुसरी पात कोनी शे?"

आमचं सगळं काम याच प्रश्नावर चाललंय. प्रत्येक रेषा दोन भागांत सोडवायची, दोघांचे वेग वेगळे काढायचे, मग दोघांची वयंही. एनजीसी ५७१९ या दुसऱ्या दीर्घिकेत वायूसोबत फिरणारी ताऱ्यांची उलटी तबकडी वयाने लहान निघाली, आणि शेजारच्या एनजीसी ५७१३ पर्यंत हायड्रोजनचा पूलच दिसतो. म्हणजे तिथली दुसरी पात शेजारच्या मालावर उभी राहिली. नानांना हे लगेच पटलं.

मी मात्र केंद्राजवळ अडलोय. तिथे दोन्ही वेग इतके जवळ येतात की रेषा सुट्या होतच नाहीत. शुक्रवारपासून नकाशावरचे तिथलेच बारा ठिपके घेऊन बसलोय.